भावाच्या व्यसनमुक्तीसाठी मॅरेथॉन धावतोय, सल्ले हवेत

अर्धवट_धावक

बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ (वय ३६) दारू सोडून आठ महिने झाले. त्याआधीची अकरा वर्षं कशी गेली ते लिहीत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहितीये आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. तीनदा ॲडमिट केलं, त्यातलं तिसऱ्यांदा तो स्वतःहून गेला आणि तिथून आल्यापासून व्यवस्थित आहे. आठवड्यातून दारू सोडणाऱ्यांच्या तीन मीटिंगा, नाल्ट्रेक्सोनची (पिण्याची ओढ कमी करणारी) गोळी चालू, काम परत सुरू झालंय.

मी ४१ चा. धावण्याचा अनुभव म्हणजे दहा किलोमीटरच्या दोन रेस, त्याही रडतखडत. आता सात महिन्यांनी एक फुल मॅरेथॉन आहे तिच्यात नाव घालून बसलोय. भाऊ ज्या केंद्रात होता तिथे पैसे नसलेल्या पेशंटसाठी एक निधी असतो, त्याच्यासाठी धावून देणग्या गोळा करायच्या असं डोक्यात आहे. एक ऑनलाइन पान करायचं, त्यावर भावाचा आधीचा फोटो, आत्ताचा फोटो, थोडक्यात त्याची गोष्ट, आणि शेवटी आम्ही दोघं हातात हात घालून फिनिश लाइन ओलांडणार. हे डोळ्यासमोर आलं तेव्हा मलाच भरून आलं, खरं सांगतो.

तर प्रश्न असे की सात महिन्यांत ४२ जमतं का, भावाला सोबत पळवायचं का (तो आयुष्यात बस पकडायलासुद्धा पळालेला नाही), आणि पानावर काय लिहिलं म्हणजे लोक पैसे देतील.

पाऊलखुणा

मस्तच! वाचतेय. फोटो टाकत राहा.

लांब_पल्ला

सात महिने पुरे आहेत. दहा धावलाय म्हणजे पाया आहेच. आठवड्याला चार दिवस धावा, त्यातले तीन दिवस इतकं सावकाश की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, शब्द तुटायला लागले की समजा जोरात धावताय. एक दिवस लांब पल्ला, तो हळूहळू एक-दोन किलोमीटरने वाढवत न्यायचा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचा. तीस-बत्तीसपर्यंत पोचलात की बास, सरावात ४२ सहसा कोणी धावत नाही. शेवटचे दोन-तीन आठवडे धावणं कमी कमी करत आणायचं, त्याला टेपर म्हणतात, आणि त्यात माणूस वेडा होतो हे आत्ताच सांगून ठेवतो. अंगात रग साठलेली, धावायला बंदी, मग घरच्यांवर चिडचिड.

तीस-बत्तीसच्या आसपास भिंत लागते म्हणतात ते खोटं नाही. स्नायूंमध्ये आणि लिव्हरमध्ये साठवलेली साखर साधारण तिथवरच पुरते, पुढे पाय दुसऱ्याचे असल्यासारखे होतात. म्हणून भूक लागायची वाट बघायची नाही, पहिल्या तासापासूनच थोडं थोडं एनर्जी जेल वगैरे पोटात जाऊ द्यायचं आणि ते पचतंय का हे आधी लांब रनमध्ये बघून ठेवायचं. रेसच्या दिवशी काहीही नवीन नको. बूट तर अजिबात नको.

भावाचं मला कळत नाही, ते जाणकार सांगतील.

आजचा_दिवस

जाणकार वगैरे नाही, पण नऊ वर्षं झाली सोडून. माझीही दारूच होती.

पोस्ट दोनदा वाचली. त्यात निधी आहे, फोटो आहे, हातात हात आहे, पण भावाला विचारल्याचं कुठे दिसलं नाही. राग मानू नका हां. त्याच्या ऑफिसात किती जणांना माहितीये? उद्या तो दुसरीकडे नोकरीला गेला आणि समोरच्याने नाव टाकून शोधलं तर पहिलं तुमचं पान उघडणार, आधीच्या फोटोसकट. अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ साली सुरू झालं, त्याच्या नावातच अनामिक आहे, आणि ते फक्त लाजेपोटी नाहीये. एकाचा चेहरा पोस्टरवर लागला आणि तो नंतर घसरला की त्याच्याकडे बघून सोडणारे दहा जण म्हणतात, याचं टिकलं नाही तर आपलं काय टिकणार. शिवाय पोस्टरवरच्या माणसाला आज वाईट दिवस आहे असं सांगायची चोरी होते.

आणि फिनिश लाइन हा प्रकार आमच्यासाठी जरा जपूनच. आम्हाला शिकवतात की फक्त आजचा दिवस बघायचा, तुम्ही त्याला सात महिन्यांनंतरची तारीख देताय. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठून काय करणार?

धावायला जरूर न्या, पण तो हो म्हणाला तर. मला स्वतःला चालण्याने तारलंय. तलफ लाटेसारखी असते, पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास, चढते आणि उतरते, पण चढत असताना वाटतं की प्यायल्याशिवाय ही आता उतरणारच नाही. तेवढा वेळ बूट घालून घराबाहेर काढला की पुष्कळदा निभावतं. मी पहिल्या वर्षी बुटांच्या नाड्या मुद्दाम पूर्ण काढून ठेवायचो, सगळ्या भोकांमधून परत ओवून बांधेपर्यंत चार-पाच मिनिटं जायची, तेवढीच लाट खाली.

खवट_म्हातारा

झालं, आता बाटलीच्या जागी स्टॉपवॉच. दारू सुटली की ही मंडळी व्यायाम नाहीतर अध्यात्म असं काहीतरी धरतात आणि तेवढ्याच हट्टाने घरच्यांना छळतात. आमचे मेव्हणे सोडल्यावर सायकलवर बसले ते अजून उतरले नाहीत. बहीण म्हणते आधी निदान संध्याकाळी घरात सापडायचे.

आजचा_दिवस

>> आता बाटलीच्या जागी स्टॉपवॉच

काका, अगदीच चूक नाही तुमचं, असे मी बघितलेत. दुखापत झालेली असताना पळणारे, एक दिवस चुकला की घर डोक्यावर घेणारे. पण मेव्हणे सायकलवरून घरी येतात ना? आणि आल्यावर बहिणीला ओळखतात ना? आमच्या हिशोबात तो फरक फार मोठा आहे.

कडू_गोळी

मी डॉक्टर आहे, पण इथे कोणाचीही डॉक्टर नाही हे आधी सांगते.

भाऊ आठ महिने सोडून आहे म्हणून त्याचा प्रश्न नाही, पण हा धागा वाचून कोणी आज दारू सोडून उद्या पळायला जाऊ नये म्हणून लिहिते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरथर, ताप असलेला जो प्रकार होतो तो जीवावर बेतू शकतो. सोडणं डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि धावणं त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. जास्त वर्षं पिणाऱ्यांचं हृदय कमजोर झालेलं असू शकतं, ठोक्यांची लय बिघडलेली असू शकते, पायातल्या नसा बधिर झालेल्या असू शकतात त्यामुळे फोड आलेला कळत नाही. ईसीजी, लिव्हर, बीपी बघून घ्या आणि मग चालण्यापासून सुरुवात करा.

नाल्ट्रेक्सोनबद्दल एक गंमत. ही गोळी शरीरातली अफूसारख्या रसायनांची दारं बंद करते, म्हणून काही पेशंट विचारतात की मग धावल्यावर जो आनंद होतो म्हणतात तो आम्हाला मिळणारच नाही का. २०२१ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध झाला, ६३ जणांचा. नाल्ट्रेक्सोन देऊन पळवलं तरी त्यांना बरं वाटायचं ते वाटलंच. म्हणजे तो आनंद एंडॉर्फिनचा असतो हे आपण जे वर्षानुवर्षं ऐकत आलो ते बहुतेक तसं नाही, शरीर गांजासारखी जी रसायनं स्वतः बनवतं त्यांच्याकडे आता जास्त बोट दाखवतात. तेव्हा गोळी चालू ठेवून खुशाल पळा. मात्र पडून हाड मोडलं तर दवाखान्यात ही गोळी चालू आहे हे पहिल्यांदा सांगायचं, कारण तिच्यामुळे मॉर्फिनसारखी इंजेक्शनं नेहमीसारखी लागू पडत नाहीत. खिशात एक चिठ्ठी ठेवली तरी चालेल.

आणि रेसमध्ये तहान नसताना ढसाढसा पाणी पिऊ नका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तर १३ टक्के लोकांचं सोडियम खाली गेलेलं होतं, त्यात जास्त पाणी पिऊन वजन वाढलेले बरेच होते. चौथ्या-पाचव्या तासात असणाऱ्या मंडळींनी जास्त सांभाळायचं, म्हणजे तुम्ही.

वळचण

मी सहसा लिहीत नाही. माझ्या नवऱ्याला चार वर्षं झाली सोडून.

सगळे भावाबद्दल बोलतायत, मला धागाकर्त्यांना विचारायचंय की दादा, तुम्ही झोपता का नीट? मी दोन वर्षं झोपत नव्हते. तो सोडून बसला होता आणि मी मात्र रोज रात्री तो घोरायला लागला की उठून त्याच्या तोंडाचा वास घ्यायचे. बॅग, गाडीची डिकी, बाथरूममधली फ्लशची टाकी. एकदा त्याने कुशीवर वळता वळता डोळे न उघडता म्हटलं, "काही नाहीये, झोप." त्याला सगळं माहिती होतं. त्या दिवशी मला स्वतःची इतकी लाज वाटली की विचारू नका.

घरच्यांसाठी वेगळ्या मीटिंगा असतात, अल-अनॉन म्हणतात. एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस) दोघा संस्थापकांपैकी एकाची बायको लोइस, तिने १९५१ मध्ये सुरू केलं. मी उशिरा गेले. लवकर जायला हवं होतं.

अर्धवट_धावक

सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री भावाला विचारलं. त्याचं उत्तर जसंच्या तसं देतो: "फोटो नको. नाव नको. मी पळणार नाही. तू पळ की, तुला कोण अडवतंय."

वाईट वाटलं. लपवत नाही. मी त्याच्यासाठी करतोय आणि हा असा बोलतोय असं वाटून रात्रभर तळमळलो. वळचणताई, तुमची पोस्ट वाचून मात्र गप्प झालो. मी पण बघतो. वास नाही घेत, पण त्याच्या फोनचं लोकेशन माझ्या फोनवर दिसतं, आणि ते मी दिवसातून किती वेळा उघडतो ते मोजून बघितलं काल. एकोणीस.

खवट_म्हातारा

बरं झालं नाही म्हणाला, अक्कल शाबूत आहे पोराची.

तुमच्या त्या हातात हातवरून आठवलं म्हणून सांगतो. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डोरांडो पिएत्री नावाचा इटालियन मॅरेथॉनमध्ये पहिला स्टेडियममध्ये आला. इतका थकला होता की आधी उलट्या दिशेलाच पळायला लागला, मग पडला, उठला, परत पडला. शेवटच्या साडेतीनशे मीटरला दहा-एक मिनिटं लागली त्याला. तिथल्या अधिकाऱ्यांना राहवेना, त्यांनी त्याला धरून उठवलं आणि रेषा ओलांडवली. आणि मग? बाद! मदत घेतली म्हणून. सोनं मागून आलेल्या जॉनी हेजला. आता त्या अधिकाऱ्यांचं मन वाईट होतं का, तर अजिबात नाही. पण त्यांनी हात लावला नसता तर माणूस कदाचित स्वतःच्या पायाने आला असता नाहीतर दुसरा तिसरा आला असता, नावावर काहीतरी लागलं असतं.

(अवांतर: ते ४२.१९५ चं लचांड त्याच रेसचं. विंडसर किल्ल्यापासून राजघराण्याच्या आसनापर्यंत जेवढं भरलं तेवढं. १९२१ मध्ये तेच अधिकृत केलं.)

कडू_गोळी

काका, गोष्ट छान आहे पण अर्धी सांगितलीत. पिएत्री त्यानंतर काही काळ बेशुद्धच होता, लोकांना तो जातोय की काय वाटलं होतं. माणूस मरायला टेकला असेल तर धरायचंच असतं, पदक गेलं खड्ड्यात. आणि राणी अलेक्झांड्राने दुसऱ्या दिवशी त्याला चांदीचा कप दिला तेही सांगा ना.

खवट_म्हातारा

कप दिला, मान्य. धरायचं कधी आणि सोडायचं कधी हे त्या अधिकाऱ्यांना कळलं नाही आणि मलाही माझ्या थोरल्याच्या वेळी कळलं नव्हतं. त्याचं गर्दचं होतं. तो आता नाही. असो.

पाऊलखुणा

काका...

आजचा_दिवस

काका, फोन करतो तुम्हाला संध्याकाळी.

अर्धवट_धावक

(दोन महिन्यांनी) उशीर झाला अपडेट द्यायला. १८ किलोमीटरपर्यंत आलोय. लांब_पल्ला साहेब, ते सावकाश धावणं मला सगळ्यात अवघड गेलं, म्हाताऱ्या बायका चालत पुढे जातात.

पान केलं. भावाचं नाव नाही, फोटो नाही. बसून चार वेळा खोडून शेवटी माझंच लिहिलं, की मी एका पिणाऱ्या माणसाचा भाऊ आहे आणि अकरा वर्षं मी कोटाचे खिसे तपासलेत. टाकायच्या आधी त्याला दाखवलं. त्याने वाचलं, 'कोटाचे' खोडून 'पँटचे' केलं आणि परत दिलं. देणग्या येतायत त्यापेक्षा मेसेज जास्त येतायत, ऑफिसातली दोन माणसं ज्यांच्याशी माझं कधी पटलं नाही त्यांनी गुपचूप लिहिलंय की आमच्याकडे पण आहे.

भाऊ पळत नाही पण बुधवार-शुक्रवार सकाळी मी निघालो की तोही निघतो, मी एका बाजूला पळत जातो, तो दुसऱ्या बाजूला चालत. येताना कोपऱ्यावर भेटतो. काही बोलत नाही आम्ही.

लांब_पल्ला

झकास चाललंय. अमेरिकेत द फिनिक्स म्हणून संस्था आहे, २००६ पासूनची, तिथे व्यायामाचे सगळे वर्ग फुकट आणि अट एकच, मागचे ४८ तास काही घेतलेलं नसावं. लॉस एंजेलिसमध्ये क्रेग मिचेल नावाच्या न्यायाधीशांनी २०१२ मध्ये बेघर आणि व्यसनातून उठणाऱ्या लोकांबरोबर पहाटे धावायला सुरुवात केली. तिथेही नुसते चालणारे असतातच. कोणीतरी ठरल्या वेळेला कोपऱ्यावर वाट बघतंय एवढं पुरतं बहुतेक.

अर्धवट_धावक

एक विचारायचंय. लांब रनच्या आधी मी आयबुप्रोफेनची (वेदनाशामक) एक गोळी घेतो, खबरदारी म्हणून, गुडघ्यासाठी. काल भावाला टेबलावर रिकामी स्ट्रिप दिसली. म्हणतो, "दुखतंय का?" म्हटलं नाही रे, दुखू नये म्हणून. तर म्हणे, "दर रविवारी? कधीपासून?" अगदी मी त्याला विचारायचो त्या आवाजात. हसू पण आलं आणि अंगावर काटा पण.

कडू_गोळी

भाऊ बरोबर बोलला. लांब धावताना किडनीकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं, घामाने पाणी गेलेलं असतं, त्यात ही गोळी म्हणजे किडनीवर दुहेरी ताण. दुखत नसेल तर घ्यायची नाही आणि दुखत असेल तर धावायचं नाही.

अर्धवट_धावक

(रेसला पाच आठवडे) तो प्यायला.

रविवारी माझा २८ चा रन होता, फोन घरी ठेवून गेलो होतो कारण आजचा_दिवस यांनीच मागे व्यनित (खाजगी निरोपात) सांगितलं होतं की तीन तास तरी लोकेशन बघू नका. परत आलो तर तो जिन्यात बसलेला. तेरा महिने झाले होते. मला बघून म्हणाला, "क्वार्टर. सगळी नाही प्यायली." आणि बाटली पुढे केली, तळाला दोन बोटं उरलेली.

मी रेस रद्द करतोय. मी घरात असतो तर हे झालं नसतं.

आजचा_दिवस

दादा, तुम्ही घरात असताना तो अकरा वर्षं पीत होता.

कडक बोललो, माफ करा, पण हे तुमच्या डोक्यातून आज निघालं पाहिजे. आता मी काय ऐकलं ते सांगतो. प्यायला, थांबला, जिन्यात येऊन बसला, लपवली नाही, बाटली स्वतःहून दिली. आधीच्या अकरा वर्षांत असं एकदा तरी झालं होतं का? ॲलन मार्लाट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, या विषयावर त्यांचं मोठं काम आहे, ते सांगायचे की पहिल्या घोटापेक्षा त्यानंतरचा 'आता गेलंच सगळं' हा विचार माणसाला जास्त बुडवतो. तो विचार आत्ता त्याच्या डोक्यात असेलच. तुम्ही रेस रद्द केलीत तर तुम्ही पण तेच म्हणताय, गेलंच सगळं.

आज मीटिंगला जाईल का तो? तुम्ही नेऊ नका. विचारा फक्त.

कडू_गोळी

आणि उद्या डॉक्टरला कळवा. ओरडा खायला नाही, गोळी मधे सोडली होती का, डोस बघायचा का यासाठी. एक सगळ्यांसाठीच लिहून ठेवते, खवटकाकांची परवानगी गृहीत धरून: गर्द किंवा अफूच्या जातीचं काही असेल तर घसरणं फार धोक्याचं, कारण मधल्या काळात शरीराची सवय गेलेली असते आणि जुना डोस झेपत नाही, श्वास बंद पडतो. अशा घरात नालोक्सोन (अफूचा परिणाम उतरवणारं औषध) मिळत असेल तर ठेवा आणि वापरायचं कसं ते शिकून घ्या.

खवट_म्हातारा

असंच झालं होतं. चार महिने सोडलं होतं त्याने. लिहिलंत ते बरं केलंत डॉक्टर.

अर्धवट_धावक

गेला मीटिंगला. एकटा गेला, चालत. रात्री आल्यावर म्हणाला, "आज पहिला दिवस." मी काही बोललो नाही, बोलायचं सुचलंच नाही. रेस रद्द नाही केली.

वळचण

तुम्ही झोपलात का पण?

अर्धवट_धावक

झोपलो ताई. २८ किलोमीटर झाले होते हो :)

(रेसच्या दुसऱ्या दिवशी) झाली. ५ तास १२ मिनिटं.

सविस्तर लिहायला बसवत नाहीये, बसलो की उठवत नाही. पहिले २५ मस्त, हसत, लोकांशी गप्पा मारत. ३१ ला भिंत आली, लांब_पल्ला साहेब म्हणाले होते तशीच, पाय माझे नव्हतेच. तिथून पुढे मी पुढचा दिव्याचा खांब एवढंच बघत होतो, एक खांब पळायचं, एक चालायचं. आजचा दिवस आजचा दिवस जे तुम्ही लोक म्हणता ते मला ३३ व्या किलोमीटरला कळलं, आधी नुसतं वाचलं होतं.

भाऊ येणार की नाही विचारलं नव्हतं. ३६ ला रस्त्याच्या कडेला उभा दिसला, हात खिशात. माझ्या बाजूने चालायला लागला, मी पळत होतो आणि तो चालत होता आणि आमचा वेग एकच होता, यावरून काय ती कल्पना करा. एक किलोमीटर आला असेल. मग म्हणाला, "जा आता, पुढे मला पळावं लागेल." आणि थांबला. फिनिशला एकटाच गेलो. हातात हात वगैरे काही नाही.

एक राहिलं. बिबच्या (छातीवर लावायचा नंबर) खाली छिद्रांच्या रेघेवर फाडायचं एक कूपन होतं, शर्यत संपली की एक बियर फुकट. आदल्या रात्री भावाच्या नजरेला पडू नये म्हणून मी ते कात्रीने कापून टाकलं. आयोजकांना मेल करणार आहे की ज्यांना नको त्यांना बिनकूपनचं बिब द्या.

पाऊलखुणा

अभिनंदन!! रडवलंत. मेलवर माझी पण सही घाला.

लांब_पल्ला

पहिल्याच प्रयत्नात पूर्ण, त्रिवार अभिनंदन. आता आठ-दहा दिवस पळायचं नाही. आणि पुढचा आठवडाभर उदास वाटेल, काहीतरी संपल्यासारखं, त्याला घाबरू नका, आम्हा सगळ्यांना होतं. बुधवारचं चालणं मात्र सोडू नका.

आजचा_दिवस

भावाला सांगा, एका अनोळखी माणसाने टोपी काढलीये.

दुसरी_बाजू

नवीन आयडी काढलाय, चार दिवस लागले मंजूर व्हायला. मी तो भाऊ.

दादाने धाग्याची लिंक स्वतःच दिली, वाचला सगळा. दोन दुरुस्त्या. मी ३४ ला उभा होतो, ३६ ला नाही, त्याला तेव्हा आकडे कळत नव्हते, मला विचारलं होतं त्याने की आज वार कोणता. दुसरं म्हणजे मला पळणं आवडत नाही, आधी आवडत नव्हतं, आता पण आवडत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी दोघं पळणार का असं जे दोन-तीन जण व्यनित विचारतायत त्यांनी कृपया थांबावं.

मला कशाचा उपयोग झाला ते सांगतो. दादा रविवारी तीन-तीन तास घराबाहेर असायचा. तेवढा वेळ माझ्यावर कोणाची नजर नसायची. पहिल्या रविवारी मला इतकी भीती वाटली की मी दार लावून घेऊन आतल्या खोलीत बसलो. कोणी बघत नसताना न पिण्याची सवयच नव्हती मला, कारण कायम कोणीतरी बघतच होतं. एका रविवारी जमलं नाही, तुम्हाला माहितीच आहे. बाकीचे जमले. मी वहीत तेच मोजतो, रविवार.

आणि दादा पळायला लागल्यापासून घरी आला की घामट आणि भुकेला असतो, आल्या आल्या माझ्या तोंडाकडे बघत नाही, आधी बूट काढतो.

काका, तुमच्या मुलाबद्दल वाचलं. मी काही लिहू शकत नाही. बुधवारी चालायला या म्हणालो असतो पण तुम्ही कुठे राहता माहीत नाही.

ते बियरचं कूपन त्याने कापून चड्डीच्या मागच्या खिशात लपवलं होतं. मला कपडे धुताना सापडलं, लगदा झाला होता. मी त्याला दाखवून विचारलं की हे काय आहे, तर हा माणूस चक्क म्हणाला, "माझं नाहीये ते."

वळचण

हाहाहाहा. अगदी हेच, हेच वाक्य!

खवट_म्हातारा

वाचलं पोरा. बुधवारी मीही निघतो सकाळी, इथल्या इथे. गुडघे साथ देत नाहीत, पण तेवढं जमेल. किती वाजता निघता तुम्ही?

दुसरी_बाजू

पावणेसहा. दादा आठवडाभर नाहीये, जिना उतरता येत नाहीये त्याला, उलटा उतरतोय रेलिंग धरून. मी जाणारे.